पट्ट्याखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. घड्याळाचा पट्टा. तुम्ही म्हणाल, घड्याळ असताना हा कशाला मध्ये तोंड घालतो? घालणारच! घड्याळाकडे लोक दिवसातून शंभरदा बघतात, माझ्याकडे एकदाही नाही. हे घड्याळमहाशय कायम मागे चालतात, तरी मान त्यांचाच. पण आज ते गप्प बसतील. कारण मंजुश्रीची लाज राखली ती मी!

देऊळघाटच्या रामरावांनी म्हशीच्या कातड्यातून मला कापलं, मेणाच्या दोऱ्यानं शिवलं आणि पितळी बक्कल लावलं. तेव्हा मी कोवळा, पिवळसर होतो. पुंजाजींनी मला उजव्या मनगटावर बांधलं. पुंजाजी म्हणजे एसटीचे ड्रायव्हर. जळगाव जामोदहून घाट चढून बुलढाण्याला जायचं आणि परत यायचं, हा आमचा रोजचा धंदा. त्यांचा उजवा हात खिडकीशी, म्हणजे थेट उन्हात. वर बुलढाण्याला वारा गार, पण ऊन काही सोडत नसे. खाली जळगावला तर विचारूच नका, खिडकीचा पत्रा चटके द्यायचा. काही वर्षांत त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा झाला. घाम पिऊन पिऊन मीही झालो. शेवटी मीही कातडंच की!

घरी आले की पुंजाजी मला सोडायचे आणि छोट्या नातीला मनगट दाखवायचे. माझ्याखाली एक उजळ पट्टी उमटलेली असायची.

“हे पाह्य मंजू, हा माह्या मायनं देल्लेला रंग, अन् हा एसटीनं देल्लेला!”

मंजुश्री खिदळायची. मलाही फार बरं वाटायचं. तेवढ्यापुरतं का होईना, कोणीतरी माझं काम पाहत होतं.

पुंजाजी निवृत्त झाले आणि मी बरीच वर्षं खुंटीवर लोंबत राहिलो. ना तेल, ना पाणी. पार वाळून तडकलो. मग मंजुश्री बुलढाण्याला कॉलेजात निघाली, तेव्हा तिनं मला उतरवलं, खोबरेल तेल चोळून मऊ केलं आणि हातात बांधलं. त्या दिवशी मी पुन्हा जन्मलो म्हणा ना!

पोलीस भरतीच्या अर्जासाठी तिनं फोटो काढला तो भादव्यात. आभाळ भरलेलं, दिवसभर वाचनालयात बसणं, त्यामुळे रंग निवळलेला. पुढे ती जळगावला घरी आली आणि धावण्याचा सराव सुरू झाला. थंडीत कोरड्या वाऱ्यानं तिची कातडी राखेसारखी भुरकट दिसायची. तेव्हा तेल आम्हा दोघांनाही मिळायचं. उन्हाळ्यात मात्र ती भराभर काळवंडली. मित्रांनो, ऊन वाढलं की अंग आपला गडद रंग वाढवतं आणि आतल्या भागाला जपतं. सावळ्या अंगाचंही तसंच होतं. पण हे शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना कोण सांगणार?

“काऊन व मंजू, आधीच सावळी, आता तं पुरी कोळसा झाली! लिंबू घासत जाय.”

मंजुश्रीनं एकदा घासलं. रंग तर तसाच राहिला, वर आग आग झाली. मला असा राग आला की बक्कल तुटेपर्यंत ओरडावंसं वाटलं.

मे महिन्यात बुलढाण्याच्या मैदानावर धावण्याची चाचणी होती. तिचं नाव पुकारलं गेलं. फाटकावरच्या साहेबांनी तोच भादव्यातला फोटो असलेलं ओळखपत्र पाहिलं, मग तिचं तोंड पाहिलं, मग पुन्हा ओळखपत्र.

“हा फोटो तुझा नाही. बहिणीच्या जागेवर आली काय?”

“नाही सर, मीच आहो! उन्हानं रंग बदलला.”

साहेब हसले. ते स्वतः चांगले सावळे होते. “गोऱ्याचा बदलते बाई. आपला रंग पक्का. त्याले ऊन काय करते?”

तिनं आधार कार्ड काढलं. पण त्यावरचा फोटो नववीतला, तो तर कोणाचाच वाटत नव्हता! मागच्या मुली पुढे जाऊ लागल्या. आत शिट्टी वाजली. मंजुश्रीच्या हाताला घाम सुटला, आणि तो सगळा माझ्यात मुरत होता. एवढी पळाली पोर, आणि आता फाटकावरूनच परत? माझा जीव नुसता कासावीस झाला.

एकदम तिनं माझं बक्कल सोडलं. मनगट थेट साहेबांच्या नाकासमोर धरलं.

“सर, हा माह्या मायनं देल्लेला रंग, अन् हा मैदानानं देल्लेला!”

साहेबांनी ओळखपत्र त्या उजळ पट्टीशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं. मग हळूच त्यांनी स्वतःचंही घड्याळ सरकवलं. खाली तशीच पट्टी!

“अरेच्चा! मले तं आजच समजलं. जाय बाई, पळ!”

मला साहेबांच्या टेबलावर ठेवून ती पळत सुटली. मी तिथूनच पाहत होतो. काय धावली म्हणता! तिच्या पुढे एकही मुलगी नव्हती.

आता श्रावण लागलाय. मंजुश्री भरती झाली आहे आणि प्रशिक्षणाला जाण्याआधी चार दिवस घरी आहे. काल अन्नपूर्णाबाई कौतुकानं म्हणाल्या, “उजळली व पोरी! काय लावलं?”

“काही नाही मावशी, ढग आले.”

पुंजाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा म्हातारा पट्टा असेल, तर त्याला खुंटीवर वाळत ठेवू नका. आपल्या अंगालाही जपा. उन्हात डोकं झाका, थंडीत तेल लावा, पण रंगावर रागावून कातडी घासू नका हो. दुखतं. एका कातड्याचं ऐका.