पोस्टकार्डावरची चौकशी

जन्मतः लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असलेल्या छत्तीस मुलांवर डॉ. मधुसूदन ठोसरांनी अठरा वर्षांत शस्त्रक्रिया केल्या. रामदासपेठेतल्या इस्पितळात ते नवा मार्ग तयार करत, दहाव्या दिवशी धार बघत आणि केसपेपरवर 'निकाल उत्तम' लिहून मुलाला घरी पाठवत. पुढे ही मुलं मोठी होतात, हे त्यांना १९८४ साली एका परिषदेचं निमंत्रण आल्यावर सुचलं.

"सगळ्यांना पत्र टाका," त्यांनी कारकून वसंताला सांगितलं.

इस्पितळाची पत्रं पोस्टकार्डावरच जात. वसंताने सुवाच्य अक्षरात छत्तीस कार्डं लिहिली: 'आपल्या चिरंजीवांच्या लघवीच्या जागेची शस्त्रक्रिया झाली होती. धार सरळ पडते काय? विवाह झाला काय? अपत्ये किती? कळवावे.'

काटोलकडच्या चंद्रभानला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने रिवाजाप्रमाणे कार्ड पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा आवाज खणखणीत होता. चंद्रभानच्या मुलाचं, रुपरावचं, लग्न तेरा दिवसांवर आलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलीच्या बापाचा निरोप आला: पोराचं काय ते समजल्याशिवाय मांडव टाकणार नाही.

चौथ्या दिवशी बापलेक इस्पितळात हजर झाले. छत्तीसांतले हे पहिलेच, म्हणून डॉक्टरांना आनंद झाला.

"कार्ड मिळालं वाटतं?"

"मले भेटलं, गावालेबी भेटलं," चंद्रभान म्हणाला. "पाकिटात काहून नाही टाकलं जी?"

डॉक्टरांनी रुपरावला आत नेऊन तपासलं. जुन्या टाक्यापाशी टाचणीएवढं भोक राहिलं होतं. धार दोन ठिकाणी फुटत होती.

"कधीपासून?"

"घरी गेलो तवापासून. बसूनच करतो जी. चार जणाईसंग वावरात जात नाही."

"परत का नाही आलास?"

"तुमी उत्तम म्हणून लिहून देल्लं होतं ना."

बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं, की भोक बुजवता येतं आणि लग्नाला, मुलाबाळांना बहुधा अडचण नाही.

"मंग लिहून द्या का याले कधी काहीच झालं नव्हतं," चंद्रभान म्हणाला. "शिक्का मारा."

"ते खोटं होईल."

"अठरा वर्सं आमी तेच सांगून राहिलो. आमाले कोठी शिक्का लागला?"

"बाबा, पुरे," रुपराव म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. "कागद नको जी. तुमीच चला. तुमचंच कार्ड होतं."

डॉक्टर मुलीच्या घरी गेले. सतरंजीवर मुलीचे वडील आनंदराव आणि भाऊबंद मिळून सात जण बसले होते. इतकं लक्ष देऊन त्यांचं भाषण कुठल्याही परिषदेत कुणी ऐकलं नसावं. भोकाचंही त्यांनी सांगितलं, आपली चूक होती तीही सांगितली. चंद्रभान मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत राहिला.

"म्हंजे पोरगं बिघडलेलं नाही ना गा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

कुणी बोलायच्या आत दारामागून मुलीचा, प्रेमिलाचा, आवाज आला. "त्यायले दुखते काय?"

डॉक्टरांनी रुपरावकडे पाहिलं. हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"लहानपणी दुखे," रुपराव दाराकडे बघत म्हणाला. "आता दुखत नाही. लाज वाटते."

"गप वं, आत जाय!" आनंदराव ओरडले.

"जातो बाबा," प्रेमिला दारामागूनच म्हणाली. "पण पह्यले त्यायचं आपरेशन होऊ द्या. घाईनं मांडव नका टाकू." ती थांबली. "मी दुसरा पाहणार नाही."

आनंदरावांनी डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस लागन जी?"

"तीन महिने. आणि या खेपेला दहाव्या दिवशी मी उत्तम म्हणणार नाही."

"मंग फागुनात पाहू," आनंदराव म्हणाले, आणि आत चहा सांगितला.