इंग्रजी येणारी दोघं

दीपमालानं अर्जात 'इंग्रजी: उत्तम' असं लिहिलं, त्यात तिची एकटीची चूक नव्हती. रकान्यात जागाच तेवढी होती. 'वाचता येतं, लिहिता येतं, बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते' एवढं मावेल असा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आष्ट्याच्या या मुलीला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर म्हणून घेतलं, ते त्या 'उत्तम'वरच. तीन महिने तात्पुरतं काम, मग कायम करायचं की नाही ते मॅनेजरसाहेब ठरवणार. तिची आई येसूबाई मात्र थांबायला तयार नव्हती. पोरगी इंग्रजी बोलायच्या कामाला लागली, हे तिनं पहिल्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं होतं.

शहाण्णवचा फेब्रुवारी उजाडला आणि दीपमालाला तिसरा महिना लागला. मॅनेजर जयराजसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पहिला कंटेनर परदेशी चाललाय. माल घेणाऱ्यांनी त्यांचा माणूस धाडलाय, पॅकिंग आणि कोल्ड स्टोअर बघायला. आठवडाभर तो तुमच्याकडं. त्याचं बोलणं समजणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरं कुणीतरी बघू."

"समजेल की सर," दीपमाला म्हणाली आणि बाहेर येऊन आधी गटागट तांब्याभर पाणी प्यायली.

पाहुणा आला तो रामोन. स्पेनचा, पन्नाशीचा, अंगानं आडवा, द्राक्षात जन्म गेलेला. स्पेनमध्ये स्पॅनिश बोलतात हे दीपमालाला ठाऊक होतं. पण गोरा माणूस म्हटला की तो इंग्रजी पोटातूनच शिकून येतो, असा आपल्याकडं एक समज आहे आणि तो तिचाही होता. रामोन भराभर काहीतरी बोलला. त्यातलं 'ग्रेप' तेवढं तिला कळलं. ती म्हणाली, "येस." मग ती जुळवून जुळवून काहीतरी बोलली, तोही म्हणाला, "येस." दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांना पन्नासेक येस दिले. आपलं इंग्रजी अगदीच टाकाऊ नसावं, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

घोटाळा झाला तो पॅकिंगच्या टेबलावर. बायका घडातले खराब मणी कात्रीनं काढत होत्या. रामोन बघत होता, आणि एखादीनं जास्तच कातरलं की हात उंचावून ओरडायचा, "या! या!" की लगेच सगळ्या बायका कात्र्या टाकून त्याच्याभोवती गोळा. मग तो त्यांना टेबलाकडं पिटाळत आणखी जोरात, "या, या!"

हरणाबाई वैतागली. "आवं म्याडम, ह्यो बाबा या या म्हनतोय, आन् आलं की हाकलतोय! जायाचं का ऱ्हायाचं, ते इचारा की एकदा."

त्याच्या भाषेत 'या' म्हणजे 'पुरे' असावं, हे दीपमालाच्या ध्यानात आलं. पण विचारायची काही तिची छाती झाली नाही. विचारलं म्हणजे समजत नाही हे कबूल केलं, आणि कबूल केलं की दुसरं कुणीतरी बघतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच शेतकऱ्यांचा माल पेट्यांत भरून झाला, निम्मा निम्मा करून दोन कोल्ड रूममध्ये गेला. रामोननं एक चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. वर लिहिलं होतं, रूम वन, रूम टू. खाली आकडे होते: 0,5.

"ओके?" त्यानं विचारलं.

"येस, ओके," ती म्हणाली. तो मागच्या गेस्टरूमकडे निघून गेला.

दीपमालाचं व्याकरण पक्कं होतं. स्वल्पविराम दोन गोष्टी वेगळ्या करतो. म्हणजे एक नंबरला शून्य डिग्री, दोन नंबरला पाच. तिनं कोल्ड स्टोअर सांभाळणाऱ्या बाळासोमामांना तसं सांगितलं.

मामांनी डोकं खाजवलं. "दोन नंबरला पाच? माल तर त्योच हाय की."

"लिहून दिलंय मामा त्यांनी."

"लिवून दिलंय तर मग करायला पायजे," मामा म्हणाले आणि त्यांनी काटा पाचावर फिरवला.

दीपमाला रस्त्यावर येऊन आष्ट्याच्या एस.टी.ची वाट बघत उभी राहिली. पण मन काही ठिकाणावर येईना. दुपारीच कुणीतरी कोल्ड रूमचं दार मिनिटभर उघडं टाकलं, तर याच माणसानं घर जळाल्यासारखा आकांत केला होता. तो अर्धा माल पाच डिग्रीवर ठेवील? पाचावर राहिलेली द्राक्षं समुद्रातून तिकडं पोचेतो मऊ पडतील, बुरशी धरतील. उलट, आता जाऊन विचारायचं तर साहेबांची जीप अजून आवारातच होती.

तेवढ्यात एस.टी. आली.

"चढायचं का न्हाई, ताई?" कंडक्टर म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली आणि मागं वळून जवळजवळ पळतच सुटली.

रामोन गेस्टरूमच्या पायरीवर बूट काढून बसला होता. दीपमालानं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. ती म्हणाली, "सर, नो अंडरस्टँड." आणि एक बोट वर करून "झीरो?", दोन बोटं वर करून "फाइव्ह?"

रामोन ताडकन उठला. "नो, नो, नो!" त्यानं काडी घेऊन मातीत शून्य काढलं, पुढं एक काढला आणि दोघांच्या बरोबर मधोमध रेघ मारली. "हाफ! रूम वन, हाफ. रूम टू, हाफ!"

अर्धा लिहिताना शून्यापुढं आपण जिथं टिंब देतो, तिथं यांच्याकडं स्वल्पविराम देतात! दोघंही कोल्ड स्टोअरकडं धावली, रामोन तर अनवाणीच. मामांनी काटा खाली आणला. रामोननं एका मण्यात थर्मामीटर खुपसला आणि श्वास धरून बघत राहिला. एक डिग्री. खोली थोडी तापली होती, पण द्राक्षांना अजून पत्ताच नव्हता. माल वाचला होता.

दीपमाला पालथ्या क्रेटवर मटकन बसली. इतकं हलकं तिला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं.

रामोन शेजारच्या क्रेटवर टेकला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आय ऑल्सो. टू डेज. नो अंडरस्टँड."

त्यानं खिशातून छोटी वही काढली. पॅकहाऊसमध्ये कानावर पडलेलं इंग्रजी त्यानं त्यात लिहून ठेवलं होतं आणि प्रत्येक ओळीपुढं प्रश्नचिन्ह होतं. 'डू वन थिंग' यावर बोट ठेवून तो म्हणाला, "व्हॉट थिंग?" दोन दिवस सगळे त्याला 'डू वन थिंग' म्हणत होते आणि ती एक गोष्ट कुठली, याची तो बिचारा वाट बघत होता. पुढची ओळ होती 'सर इज आउट ऑफ स्टेशन'. काल साहेब साताऱ्याला गेले होते, तेव्हा साहेब रेल्वे स्टेशनाबाहेर उभे आहेत असं समजून यानं वॉचमनला गाडी किती वाजता येते म्हणून विचारलं होतं म्हणे! दीपमाला हसता हसता रडायलाच लागली. मग त्यानं खुणा करून सांगितलं, त्याच्याही कंपनीच्या कागदावर तसलाच रकाना होता आणि त्यानंही त्यात 'उत्तम'च लिहिलं होतं.

"टुमॉरो," रामोन बोट उगारून म्हणाला, "नो येस."

"नो येस," ती म्हणाली.

उरलेला आठवडा दोघांनी एकमेकांना भंडावून सोडलं. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची, चित्र काढायचं, हातवारे करायचे. कंटेनर ठरल्या दिवशी निघाला. रामोन गेला आणि त्याचा दोन पानी अहवाल साहेबांच्या टेबलावर आला.

साहेबांनी तिला बोलावलं. "हे काय आहे? मिस दीपमाला आस्क एव्हरीथिंग टू टाइम्स. सगळं दोनदा विचारता? म्हणजे तुम्हाला समजत नाही?"

थाप मारायला वाव होता. पण तिला पुन्हा ती भीती नको होती, तीन महिन्यांसाठीही नको आणि जन्मासाठीही नको.

"नाही समजत सर," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाही समजत. दुसऱ्यांदा विचारलं की समजतं."

साहेब कागदाची पुढची ओळ पुटपुटायला लागले आणि दोनच शब्दांवर अडले. मग त्यांनी तो तिच्यापुढं सरकवला. "खालचं तुम्हीच वाचा. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. दीपमालानं तो पाहिलाच नाही असं केलं आणि शेवटची ओळ वाचली.

"म्हणून चूक झाली नाही, असं लिहिलंय सर. आणि पुढच्या हंगामालाही..." तिनं कागद आणखी जवळ ओढला. "पुढच्या हंगामालाही याच मॅडम पाहिजेत."

"नक्की तसंच लिहिलंय?" साहेबांनी तिच्या कायमच्या नेमणुकीचा कागद पुढं घेऊन पेनाचं टोपण काढत विचारलं.

"थांबा सर," ती म्हणाली. "पुन्हा एकदा वाचते."