हसणं बाकी

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना माझं नाव कळण्याआधी माझी फजिती कळलेली होती. याला कारण माझे बाबा.

बाबा कवळ्या करायचे. दातांच्या डॉक्टरीणबाई माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायच्या, आणि घराच्या पुढच्या खोलीत बाबा त्या मापात प्लास्टर ओतून, मेण लावून, एकेक दात बसवून आख्खं तोंड उभं करायचे. पण कवळी घालून माणूस जेवला, बोलला, अगदी शिंकला, तरी बाबांच्या लेखी काम पुरं होत नसे. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून माणूस खदखदून हसला पाहिजे आणि हसताना कवळी जागची हलता कामा नये. "जेवायला काय, माणूस हिरड्यांनीही जेवतो," ते म्हणायचे. "दात हसायला लागतात." तोवर कवळीच्या डबीवर चिठ्ठी असायची, 'हसणं बाकी'. एकदा हसणं झालं की पेन्सिलीने त्यावर काट मारून ते 'हसले' किंवा 'हसल्या' असं लिहायचे, खाली सही करायचे, आणि मगच डबी घराबाहेर पडायची.

हसवण्यासाठी त्यांच्याकडे एकच हुकमी गोष्ट होती. दुर्दैवाने त्या गोष्टीत मी होतो.

मी सात वर्षांचा होतो. समोरचे दोन दात पडलेले आणि शाळेच्या कार्यक्रमात माझं भाषण. विषय होता 'प्रामाणिकपणा'. असल्या थोर विषयावर बोळक्या तोंडाने बोलणं मला कमीपणाचं वाटलं. म्हणून बाबांच्या फळीवरची सगळ्यात चकचकीत कवळी मी खिशात घातली आणि व्यासपीठावर चढता चढता तोंडात कोंबली. दोन वाक्यं ओठांनी धरून कशीबशी निभावली. तिसऱ्याला ती सुटली आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात पडली. पाहुणे होते एक निवृत्त जज. त्यांची कवळी तयार व्हायची होती, म्हणून बिचारे सकाळपासून तोंड मिटून बसले होते. त्यांनी ग्लास उजेडात धरला, आतला सोन्याचा दात नीट न्याहाळला, आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "ही तर माझी दिसते."

आणि प्रामाणिकपणावरचं भाषण हातात धरून मी म्हणालो, "नाही साहेब, माझीच आहे."

बाबा ही गोष्ट सांगत तेव्हा जजसाहेबही व्हायचे, मीही व्हायचे, ग्लाससुद्धा व्हायचे. एकही कवळी त्या गोष्टीपुढे न हसता टिकली नाही.

ते हसवायचे ते काही कामापुरतं नव्हे. रोज सकाळी आईच्या आधी उठून चहा करायचे आणि दोन बोटांवर कवळी चढवून तिला उठवायचे, "बाईसाहेब, आम्ही आलोय, आम्हाला बिस्कीट हवंय." आई पन्नास वर्षं रोज वैतागायची आणि पन्नास वर्षं रोज हसत त्या कवळीला बिस्किटाचा तुकडा भरवायची. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी एका रविवारी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या काढून हातभर खाली बसवल्या. नंतर त्यांचं डोकं रोज त्या फळ्यांवर आपटायचं, आणि आपटलं की फळीलाच "माफ करा हं" म्हणायचे. मी कॉलेजात नापास झालो त्या दिवशी काम बंद ठेवून मला आइस्क्रीम खायला घेऊन गेले. म्हणाले, "नापासांत पहिला आलास की नाही, ते तरी विचारून ये."

मी मात्र आईवर गेलो नाही, बाबांवरही गेलो नाही. बहुतेक एखाद्या परिपत्रकावर गेलो असेन. मी शिक्षक झालो, आणि अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापक. तेव्हापासून घरच्या किराणाच्या यादीवरही मी सही करतो आणि सहीखाली हुद्दा लिहितो. बायको म्हणते, "दुकानदार घाबरून जास्त साखर देईल असं वाटतं का हो तुम्हाला?"

मुख्याध्यापक झाल्यावर पालकांची पहिली सभा झाली. मी शिस्तीवर बोलायला उभा राहिलो. तिसऱ्या रांगेत एक आजोबा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसायला लागले. चार ओठांत बाबांच्या हातचे दोन सेट लखलखत होते. मग ते हसू पूर्ण रांगेत गेलं, मागच्या रांगेत गेलं, आणि 'प्रामाणिकपणा' हा शब्द माझ्या भाषणात आला तेव्हा तर शिपायानेही तोंडावर रुमाल धरला.

मी तरातरा घरी आलो. बाबा मेणात एक सुळा बसवत होते. मी उभ्या उभ्या त्यांना सांगितलं, आणि सांगताना लाज वाटते पण शब्द अगदी हेच होते, "बाबा, यापुढे सदर प्रसंग कोणालाही सांगण्यात येऊ नये."

त्यांनी चष्मा काढला. त्याच्यावरची प्लास्टरची पूड सदऱ्याला पुसली. वाटलं, काहीतरी विनोद करतील. पण ते इतकंच म्हणाले, "बरं. नाही सांगणार तुझी गोष्ट."

त्यांनी शब्द पाळला. नंतर कोणत्याही सभेत कोणी हसलं नाही. मी हा माझा प्रशासकीय विजय समजलो. मग गिऱ्हाइकांना ते हसवतात कसे, हे विचारावंसंही मला कधी वाटलं नाही.

या वर्षी बाबा गेले. तीन आठवडे अंथरुणाला खिळले, आणि गेले. आजारी पडण्याआधी चार महिने ते एकाच कवळीवर बसले होते. ती आईची होती. तिचे उरलेले दात काढावे लागले होते आणि बाबांना काही केल्या पसंत पडत नव्हतं. दात लावायचे, काढायचे. म्हणायचे, "हिचं हसणं मला पाठ आहे. इथं चूक झाली तर मी काय केलं आयुष्यभर?" शेवटी कवळी पुरी झाली, पॉलिशही झाली. निळ्या डबीत ठेवून त्यांनी चिठ्ठी चिकटवली आणि त्याच दिवशी त्यांना ताप भरला.

ते गेल्यावर आईने ती डबी उशाशी ठेवली, पण कवळी काही तोंडात घालेना. दुधात भिजवलेला पाव, पातळ भात, यापलीकडे तिचं जेवण जाईना. महिन्याभरात चार किलो वजन उतरलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे असंच चाललं तर अवघड आहे. त्यांना चावून खाऊ द्या काहीतरी."

"अगं घाल ना ती कवळी," मी म्हणालो.

"ह्यांचा नियम आहे," आई म्हणाली. "हसणं झाल्याशिवाय कवळी घरी न्यायची नाही."

"आई, ती घरातच आहे!"

"मग घरात राहू दे."

मी हसवायचं ठरवलं. विनोदांची एक वही केली, विषयवार. शाळेत माझ्या विनोदांना मुलं हसतात, कारण हजेरीपट माझ्या ताब्यात असतो. आई माझ्या ताब्यात नव्हती. पहिल्या विनोदाला तिने "पुढे?" विचारलं. तो विनोद संपलेला होता. तिसऱ्या विनोदाला तिला झोप लागली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तुम्ही विनोद सांगताय की सूचना?"

चौथ्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई भेटायला आल्या. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्यांची कवळी केली होती. आईचा हात हातात घेऊन बसल्या, डोळे पुसले, आणि एकदम त्यांना हसू फुटलं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "पण त्यांची ती गोष्ट आठवली की मला राहवत नाही. लहानपणी कवळी चोरून भाषणाला गेले होते ना ते! ते जजसाहेब, तो ग्लास..."

"कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"तुमचे बाबा हो! सात वर्षांचे होते म्हणे. त्यांच्या वडिलांच्या फळीवरून उचलली."

माझे आजोबा पोस्टात होते. त्यांच्या फळीवर शिक्के असायचे.

"मी त्यांना म्हटलं, मुलगाही तुमच्यासारखाच वाह्यात निघाला का?" नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तर म्हणाले, छे! तो लहानपणापासून शहाणा. गाढवपणा सगळा माझा."

त्या पोट धरून हसत होत्या. कवळी तसूभर हलली नाही. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला हे सगळं ठाऊक होतं.

नर्सबाई गेल्यावर मी म्हणालो, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"ह्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. म्हणाले, त्याला मान लागतो, मला नाही लागत. माझं काय जातंय?"

अकरा वर्षं बाबा माझी फजिती स्वतःच्या अंगावर घेऊन गावाला हसवत होते आणि मी सभेतून ताठ मानेने घरी येत होतो. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, जजसाहेबांसमोरही नाही. त्यांना एकदा, एकदाच, "सांगा हो माझी गोष्ट" म्हणायला मला वेळ मिळाला नव्हता.

मी आईला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. डबी उघडून कवळी धुऊन तिच्या हातात दिली. मी बाबांच्या स्टुलावर बसलो. ते माझ्या मानाने फारच बुटकं होतं, गुडघे कानाला लागले.

"घाल," मी म्हणालो. "गोष्ट सांगतो."

तिने कवळी घातली. ओठ मिटून घेतले. तिचा जुना चेहरा परत आला.

"एका कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने..." मी सुरुवात केली.

"कोणी?"

"मी," मी म्हणालो. "मी कवळी चोरली."

मग मी सांगत गेलो. अर्थात वाईट सांगितली. जजसाहेब मला जमेनात, ग्लास तर अजिबात नाही. "नाही साहेब, माझीच आहे" इथं बाबा थांबायचे, मीही थांबलो. आईच्या ओठांचा कोपरा फक्त हलला.

"संपली?" तिने विचारलं.

"हो. एवढीच तर आहे."

"एवढीच नाहीये रे. पुढचं ह्यांनी कधी कोणाला सांगितलंच नाही. मलाही सांगू दिलं नाही."

पुढचं मी पंचेचाळीस वर्षं विसरल्याचं नाटक करत होतो, आणि मला वाटत होतं की जगही विसरलंय.

"सांग की," आई म्हणाली. "ह्यांच्या स्टुलावर बसलायस ना?"

मी दाराकडे पाहिलं. बायको तिथं उभी होतीच.

"जजसाहेब म्हणाले, खरं सांग बाळ," मी म्हणालो. "आणि माझी चड्डी ओली झाली. तिथंच, व्यासपीठावर. थांबेचना. गालिच्यावरून ओघळ निघाला तो जजसाहेबांच्या बुटापर्यंत गेला. त्यांनी पाय वर घेतले. मग बाबा धावत वर आले, मला उचललं, आणि माइकमध्ये म्हणाले..."

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"म्हणाले, 'पाहुण्यांचा ग्लास सांडला, माफ करा.'"

आई हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग तोंड उघडून, डोकं मागे टाकून, खुर्ची करकरेपर्यंत. पन्नास वर्षं सकाळी ऐकू यायचं तेच हसणं. त्यातच ती रडायला लागली, मग पुन्हा हसली, आणि मी स्टुलावर बसून रडत रडत तिच्या दातांकडे बघत होतो. कवळी जागची हलली नाही.

"सफरचंद आण गं," डोळे पुसत आई बायकोला म्हणाली. "चिरू नकोस. आख्खं आण."

मी बाबांची पेन्सिल घेतली. 'हसणं बाकी'वर काट मारली आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हसली'.

"सही राहिली," आई म्हणाली.

मी सही केली. खाली हुद्दा लिहिला नाही.