मोहाखालचं नाव

गार्गीचे मेसेज अजून येतात. काल तिनं फोटो पाठवला. मोहाचं झाड, बाजूला चुना लावलेल्या गोट्यांचं गोल रिंगण आणि संस्थेनं ठोकलेली लाकडी पाटी. पाटीवर लिहिलंय, 'अथांगची जागा'. फोटोखाली गार्गी विचारते, 'बघ ना, किती सुंदर झालंय. अजून रागावली आहेस?'

रागावलीस म्हणे! चहात साखर कमी पडली की माणूस रागावतो. माझं जे झालंय त्याला रागावणं म्हणत नाहीत, पण हे गार्गीला सांगणार कोण? नागपूरच्या श्रीमंत धरमपेठेतल्या त्या बाईसाहेबांना जन्मात कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. चार महिने मीसुद्धा म्हटलं नाही.

उमरेडच्या पुढे एका धरणाच्या पाण्यात एक टेकडी वर राहिली आहे. चारही बाजूंनी पाणी, म्हणून तिला सगळे बेट म्हणतात. नागपूरच्या एका संस्थेनं तिथे खोल्या बांधल्यात आणि अकरावीचं दुसरं सत्र मुलं तिथे राहून करतात. अभ्यास, भाजीचे वाफे, आळीपाळीनं स्वयंपाक. मोबाईल नाही, रविवारी ऑफिसातल्या फोनवरून घरी बोलायचं. धरणात गाव गेलेल्यांच्या मुलांसाठी एक जागा राखीव असते. त्या जागेवर मी गेले. माझे बाबा मिहानमधल्या एका कंपनीची बस चालवतात, आई बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात जाते. दोघांचं गाव त्याच टेकडीच्या पायथ्याशी होतं.

पहिल्या संध्याकाळी उन्मेष सरांनी, म्हणजे बेटाच्या प्रमुखांनी, आम्हाला गोलात बसवून शपथ दिली. बेटावर 'माझं' म्हणायचं नाही, 'आपलं' म्हणायचं. आपला साबण, आपली चादर, आपला कंदील. कुणाच्या तोंडून 'माझं' निघालं की बाकीच्यांनी 'गंज!' म्हणून ओरडायचं आणि त्यानं त्या दिवशी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घासायचा. तो गंज एवढा मोठा की कमरेपर्यंत आत वाकल्याशिवाय तळाला हात पोचत नसे. बंटी नावाच्या मुलानं तर 'माझं डोकं दुखतंय' म्हटल्याबद्दल डोकं दुखत असताना गंज घासला. आम्ही हसून हसून लोळलो होतो. शपथेला मीही हात वर केला होता. मला त्यात जड काय वाटणार? आमच्या घरी एकच कंगवा सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरतो.

पण आईनं मला तिथे सहज पाठवलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "तुहा मोठा भाऊ आहे तिथं."

मी हसले. मला भाऊ नाही, मी एकटीच.

"हसू नको वं. टेकडीवर दोन बुंध्याचा मोह आहे. त्याच्या उगवतीकडं पुरलं त्याले. नाव ठेवाच्या आंधीच गेलं लेकरू. मंग गाव उठलं, पानी आलं. तुह्या बाबानं तो विषय पुन्हा काढू देला नाही." तिनं पोळी तव्यावर टाकली. "मी मनात नाव ठेवलं होतं त्याचं. कोनालेच सांगतलं नाही. तुह्या बाबालेही नाही."

"काय नाव?"

"शेवटच्या दिवशी मायबापायले बोलावतात म्हनते ना? मी येईन. तिथंच बसून सांगीन, त्याले अन् तुले. एकडाव तरी त्याले कोनी नावानं हाक मारली पाह्यजे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवरक कोनापाशी बोलू नको, बाई."

"नाही बोलत," मी म्हटलं.

मोह मला पहिल्याच आठवड्यात सापडला. मी कधी कधी तिथे जाऊन बसायची, एवढंच. आपल्याला एक भाऊ होता आणि त्याचं नाव आपल्याला कळणार आहे, या विचारानं मला आतून बरं वाटायचं. सगळे परीक्षा संपण्याचे दिवस मोजत होते, मी आईची वाट बघत होते.

गार्गी माझ्या खोलीत होती. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडायची. तिनं मला पोहायला शिकवलं. पाठीखाली हात धरून म्हणायची, "सोड अंग, मी आहे ना." आणि मी सोडायची. खाली आईबाबांचं बुडालेलं गाव आणि वर मी तिच्या हातावर तरंगत असलेली. होळी होऊन गेल्यावर एका दुपारी ती खूप रडली आणि तिनं मला तिच्या घरातली एक गोष्ट सांगितली. ती मी इथेही लिहिणार नाही. 'कुणाला सांगू नकोस' याचा अर्थ मला कळतो.

त्या दुपारी मीही तिला मोहाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. तिनं मला घट्ट धरलं. इतकं बरं वाटलं मला! तिनं तिचं दिलं, मी माझं दिलं, आता आम्ही बहिणी झालो, असं वाटलं.

शेवटच्या आठवड्यांत बेट-दिवसाची तयारी सुरू झाली. बेट-दिवस म्हणजे पालक येतात तो शेवटचा दिवस. प्रत्येकानं बेटाचा एक कोपरा निवडायचा आणि तिथे उभं राहून त्या कोपऱ्याची गोष्ट सगळ्यांना सांगायची. मी वांग्याचा वाफा घेतला. गार्गी म्हणाली, "मी पाण्याकाठचा पळस घेतलाय."

मोहफुलं पडायला लागली होती. सकाळी सगळीकडे गोड वास. गार्गी मला पूर्वीपेक्षा जास्त जपायला लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हळूच विचारायची, "तेव्हा पाऊस होता का गं? आईनं कोणती साडी नेसली होती?" मला वाटायचं, बघा, हिला किती माया आहे. जे मला माहीत नव्हतं ते मी रविवारी फोनवर आईला विचारून घेतलं.

"काहून इचारून राहिली?" आई म्हणाली.

"असंच."

मग तिनं सांगितलं, "पाऊस होता. हिरवं लुगडं होतं, माह्या मायनं घेतलेलं." मी ते जसंच्या तसं गार्गीच्या कानात घातलं. एकदा उन्मेष सर स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणाले, "गार्गीचं ऐकून मला दोन मिनिटं बोलता आलं नाही." एका पळसाबद्दल एवढं छान बोलते आपली मैत्रीण, म्हणून माझी छाती फुगली. किती मूर्ख असावं माणसानं!

बेट-दिवशी कवडू नावाड्याच्या डोंग्यात पालकांना आणायला मीही गेले. बाबा आले नव्हते. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि मांडीवर स्टीलचा छोटा डबा धरला होता.

"काय आहे डब्यात?"

"घुगऱ्या," ती हळूच म्हणाली. "बारशाले पाह्यजे ना."

पाण्याच्या मध्यावर आल्यावर ती कवडूला म्हणाली, "हळू ने गा भाऊ. खाली गाव आहे आमचं." कवडूनं वल्हं खरंच सावकाश केलं. आई काठावरून वाकून पाण्यात बघत राहिली. तिथे काही दिसत नाही, मला माहीत होतं, पण मीही बघितलं.

आमचं ठरलं होतं. जेवणं झाली, लोक सुस्तावले की आम्ही दोघीच वर जायचं.

आधी सगळे कोपरे झाले. माझ्या वांग्यांना टाळ्या मिळाल्या. मग सर म्हणाले, "आता शेवटचं, गार्गी." पळस खाली काठाला होता, पण गार्गी वळली ती टेकडीच्या माथ्याकडे. सगळे तिच्या मागे. मला वाटलं चुकली. मग पायवाट ओळखीची झाली.

मोहाच्या उगवतीला पांढऱ्या गोट्यांचं रिंगण होतं. गार्गी चपला काढून आत उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. "इथे एक आई आली होती. पाऊस पडत होता. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, तिच्या आईनं घेतलेलं..." एकही गोष्ट तिनं सोडली नाही. बाया डोळे पुसायला लागल्या. कुणाचे तरी वडील मोबाईलवर चित्रीकरण करत होते. "त्या बाळाला कुणी नाव दिलं नाही," गार्गी म्हणाली, "म्हणून आज मी देते. अथांग."

अथांग! बोरी-बाभळीच्या गावातलं लेकरू ते, अथांग म्हणे!

टाळ्या पडल्या. आई सगळ्यांच्या मागे उभी होती. ती गार्गीच्या तोंडाकडे बघतच नव्हती, तिच्या पायांकडे बघत होती.

"त्या पोरीले म्हन," ती मला म्हणाली, "तिथून हट. त्याच्यावर उभी आहे ते."

मी लोकांना ढकलत पुढे गेले. "हट तिथून!" मी ओरडले. "तो माझा भाऊ आहे!"

"गंज!" बंटी मागून ओरडला.

सवयीनं ओरडला. लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला, पण तोवर चार-पाच जण हसले होते. पालकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे. तेही हसले.

गार्गी रिंगणातून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "दीप्ती, असं काय करतेस? इथे माझं-तुझं असतं का? शपथेला तूही हात वर केला होतास. आणि मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. मी जपलंच तुला."

"तू पळस म्हणाली होतीस."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे तिला माहीत होतं. मी नाही म्हणेन हे नीट माहीत असूनच तिनं रात्री मला लुगड्याचा रंग विचारला होता. माझा हात उठला होता, पण मध्ये उन्मेष सर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दीप्ती, ही आता अख्ख्या बेटाची गोष्ट झाली. मन मोठं कर." मन मोठं करायची पाळी नेहमी राखीव जागेवाल्याचीच का येते, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

लोक जेवायला खाली गेले. आम्ही दोघीच राहिलो. आई खाली बसली. तिनं एकेक गोटा उचलून दूर टाकला, हाताला लागलेला चुना मातीत पुसला आणि ती नुसती बसून राहिली. वरून एक मोहफूल तिच्या पदरावर पडलं.

"आई, आता कोणी नाही. सांग ना नाव."

तिनं डबा उचलला. "चाल," ती म्हणाली.

डोंग्यात ती पाण्याकडे न बघता डबा धरून बसली. आम्ही उमरेडच्या स्टँडवर आलो. नागपूरची एसटी लागली, तिला खिडकी मिळाली, मी शेजारी बसले. गाडी सुटल्यावर माझा धीर सुटला आणि मी रडायला लागले. "तिनं धोका देला मले, आई. मी तिले बहीण समजत होती. तिनं असं काहून केलं?"

आईनं मला रडू दिलं. मग विचारलं, "हिरवं लुगडं त्या पोरीले कोनं सांगतलं?"

माझं रडणं थांबलं.

"पाऊस होता का म्हून फोनवर मले कोनं इचारलं?"

"आई, मले वाटलं..."

"तुले तिनं फसवलं," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तिले म्या कुठं सांगतलं होतं? म्या तुले सांगतलं होतं."

बऱ्याच वेळानं मी पुन्हा विचारलं. फक्त नाव. एकदाच. कुणाला सांगणार नाही म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच ऐकवेना.

"आता तेवढंच राह्यलं माह्यापाशी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ते नाही देत मी कोनाले."

घरी येऊन डबा उघडला तर घुगऱ्या आंबल्या होत्या. आईनं त्या बाहेर गाईला घातल्या आणि डबा घासून पालथा ठेवला. बाबांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? ती म्हणाली, चांगला झाला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. माझ्याशी ती नीट बोलते, जेवायला वाढते, डोक्याला तेल लावून देते. नावाचा विषय निघत नाही.

काल गार्गीचा फोटो आला तेव्हा आई बाजूलाच भाजी निवडत होती. लपवावा असं मनात आलं, पण तिच्यापासून आणखी काय लपवू? मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं ओल्या हातानं तो घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि पाटीवरची अक्षरं एकेक करून वाचली. मग फोन मला परत दिला.

"याच्यापेक्षा चांगलं होतं वं त्याचं नाव," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.