न आलेली हाक

नखाच्या कडेएवढी पांढरी रेघ… डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा त्याला आधी वाटलं, फिल्मवरच ओरखडा पडलाय. पण रेघ त्याच्या मांडीत होती. काचेचा तुकडा. इतकी वर्षं मुकाट पडून राहिला आणि आता सरकत सरकत मोठ्या रक्तवाहिनीला टेकला. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला बाई म्हणाल्या, "घरी नाही जायचं. आजच काढू."

बाहेर बाकावर मेहुणा त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बायको असती तर ती बसली असती. ती गेल्यापासून दवाखान्यात सोबतीला कोण, तर हाच. ज्यानं ही काच मांडीत घातली तो.

घातलीच. दोघं काचेच्या दुकानात कामाला होते. तिथं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात : दोघांनी उचललेली मोठी काच सटकायला लागली तर सावरायला जायचं नाही, 'सोड' म्हणून ओरडायचं आणि दोघांनी एकदम सोडून मागं व्हायचं. काच गेली तर गेली. एकट्यानंच सोडली तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. मेहुण्यानं सोडली. हाक आली नाही. ह्याची बोटं कडेला तशीच चिकटलेली… मग मांडीत काहीतरी थंड, दुखायच्या आधीचं थंड.

"घामानं हात सटकला असेल हो त्याचा," बायको पट्टी बदलताना म्हणायची. तिच्यासाठी तो गप्प बसला. मेहुणा घरी आला की तो मुद्दाम जरा जास्तच लंगडायचा, मेहुण्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरेपर्यंत. तेवढीच चैन. ती गेली आणि वाटलं, आता कुणाची भीड नाही. आज तर काच हातीच येणार होती – डॉक्टरीणबाईंकडून मागून घ्यायची, मेहुण्याच्या तळहातावर ठेवायची, मूठ मिटवायची आणि वरून दाबायची. कितपत दाबायची, तेही ठरलं होतं.

वॉर्डमधून स्ट्रेचर निघालं तसा मेहुणा सोबत चालू लागला. "घाबरू नका, भाऊजी. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच भीती. धरलेलं सोडायची सवय तुझी."

मेहुणा थबकला. मग त्यानं स्ट्रेचरचा दांडा धरला. "सिस्टर, एक मिनिट. …भाऊजी, मी ओरडलो नाही तेव्हा. हात सटकला नव्हता. मी सोडली आणि पळालो."

"ऐकू नाही आलं. परत बोल."

तो परत बोलला.

"मोठ्यानं."

तिसऱ्यांदा बोलताना त्याचा आवाज फाटला, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. स्ट्रेचरवर ह्याला ते गोड लागत होतं. अजून दहादा वदवून घेतलं असतं. "मग इतकी वर्षं काय दातखीळ बसली होती?"

"त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं. तुमच्याकडेच निघालो होतो, तिनं दार अडवलं. म्हणाली, मी आहे तोवर बोलायचं नाही, माझी शपथ आहे. घर मोडेल म्हणाली."

सिस्टरनी दांडा सोडवला. छतावरचे दिवे मागं सरकू लागले… त्याच संध्याकाळी. म्हणजे पहिली पट्टी बदलली तेव्हा तिला माहीत होतं. शेवटची बदलली तेव्हाही. त्यानं मेहुण्यावरचा राग चाचपून पाहिला. होता, पण त्यात धार नव्हती, परक्याच्या भांडणासारखा. सगळा वळून तिच्याकडे निघाला होता. आणि हिला कुठं गाठायचं?

ती गेल्यापासून तिची आठवण आली की एक शब्द सुचायचा नाही. आता शब्द येत होते, एकामागून एक, आणि ती समोर होती, इतके महिने नव्हती तितकी जवळ. भरल्या घरातल्यासारखं त्याला बरं वाटलं. त्याचाही राग आला.

"कुशीवर वळा, पाठीत सुई टोचेल," सिस्टर म्हणाल्या. "काही बोललात का?"

"तुम्हाला नाही," तो म्हणाला, आणि वळता वळता तिच्याशी पुढं भांडू लागला.