सीटखालची वायर

सेल्फ मारला की इंजिन खँ-खँ करत फिरायचं, पकडायचं मात्र नाही. पाचव्यांदा मारला तेव्हा मेस्त्री म्हणाले, "बस कर पोरी, बॅटरीचा जीव घेशील."

गाडीत धुतलेल्या चादरींची चौदा गाठोडी भरलेली. नऊच्या आत ती दवाखान्यात पोचायला हवीत. लाँड्रीच्या पायरीवर मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांना आम्ही पाठीमागे इस्त्रीबाई म्हणतो, कारण त्यांच्या आवाजालासुद्धा सुरकुती नसते. "आज उशीर झाला तर फेरी उद्यापासून दुसऱ्याला," एवढंच म्हणाल्या.

मला आणखी एक घोर होता. पुढच्या वळणावर सासूबाई बाळाला घेऊन थांबल्या होत्या. बाळ पाच महिन्यांचं, बाटली तोंडात धरत नाही. म्हणून रोज त्याला वळणावर गाडीत घ्यायचं, शेजारच्या सीटवर त्याची खुर्ची पट्ट्याने बांधायची, मध्ये थांबून पाजायचं आणि परतताना पुन्हा सासूबाईंच्या हाती द्यायचं. गाडीत मूल आणायचं नाही, हे बाईंनी मला कामावर परत घेतानाच बजावलं होतं. फेरी गेली तर घरी बसायचं, आणि बाळ नेलेलं कळलं तरी घरी बसायचं. रात्री चारदा उठले होते. आता तर घाबरायचाही कंटाळा आला होता.

मेस्त्रींनी प्लग काढून ठिणगी बघितली. मग प्लग नाकाशी धरला. "करंट आहे. पण हा कोरडा ठणठणीत. पेट्रोलच येत नाहीये."

"कालच भरलंय की."

"तेच तर. आडात आहे, पोहऱ्यात येत नाही."

मला चावी फिरवायला लावून ते मागे टाकीला कान देऊन बसले. "चावी लावली की पंपाने दोन सेकंद घूं करायला हवं. हा तर रुसलेल्या जावयासारखा गप्प."

फ्यूज ठीक निघाला. पंपापाशी टेस्टरचा दिवा लावला, तो पेटेना. मग ते वायर चाचपत पुढे पुढे आले आणि माझ्या सीटपाशी थांबले.

"ही सीट इतकी मागे कोण घेतं गं? रुळावरचं ग्रीस पार टोकापर्यंत पुसलंय. तू तर टीचभर."

पाजायला स्टिअरिंग आड येतं, म्हणून सीट शेवटच्या खाचेपर्यंत ढकलायची, मग पुन्हा पुढे. दिवसातून दोनदा, गेले तीन महिने. त्या येण्याजाण्यात खालची वायर चिरडून तुटली होती.

मेस्त्रींचा हात सीटखाली आणखी आत गेला. वायरीबरोबर काहीतरी बाहेर आलं. त्यांनी ते क्षणभर बघितलं आणि फडक्यात गुंडाळलं.

"सापडलं का काही?" बाई पायरीवरून म्हणाल्या.

"वायर तुटलीय."

"कशाने?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वीस वर्षांची गाडी आहे बाई. या वयात आपलीसुद्धा हाडं कुरकुरतात."

"तुमची कुरकुरत असतील," म्हणत बाई आत गेल्या.

मेस्त्रींनी वायर जोडली, टेप गुंडाळली, नळीत घालून रुळापासून लांब बांधली. "आता ढकल हवी तेवढी मागे," हळूच म्हणाले. "आणि हे घे, हात पूस."

फडक्यात पिवळा मोजा होता, माझ्या अंगठ्याएवढा.

चावी लावली. घूं. सेल्फ मारला आणि गाडीने पकडलं.

वळणावर सासूबाई म्हणाल्या, "किती वेळ गं. याने माझी बाही चोखून ओली केली." मी मोजा बाळाच्या पायात चढवून बघितला. हा हरवला म्हणून महिन्यापूर्वी सगळं घर पालथं घातलं होतं. आता तो टाचेपाशीच अडला.

"ठेव जपून. पुढच्या बाळाला होईल."

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "बरं बाई, राहिलं," त्या म्हणाल्या.

नऊला चार मिनिटं असताना शेवटचं गाठोडं उतरवलं. मग दवाखान्याच्या मागच्या बाजूला गाडी लावून सीट पार मागे ढकलली, बाळाला छातीशी घेतलं, आणि खात्री म्हणून एकदा चावी फिरवली. घूं.

बाळ पिता पिता थांबलं, ऐकलं, आणि पुन्हा प्यायला लागलं.