सुकडीच्या पोत्यावरची क्रांती

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, पण जन्माने मी पोतं आहे. बहात्तरच्या दुष्काळात ढोकीजवळच्या आमच्या गावात रस्त्याचं काम निघालं होतं. खडी फोडणाऱ्या माणसांसाठी सुकडी, म्हणजे सरकारी मदतीचं कोरडं गोड पीठ, यायची, ती माझ्या पोटातून. सुकडी संपल्यावर शाळेच्या लिंबाजी गुरुजींनी मला मागून घेतलं, उसवलं, धुतलं, खळ लावून ताठ केलं आणि उमरग्याच्या महांतप्पा पेंटरकडे नेलं.

महांतप्पा ट्रक रंगवायचा. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षराचं चित्र तो हुबेहूब काढायचा. गुरुजींनी त्याला एकवीस इंग्रजी शब्द लिहून दिले होते. राज्यं कशी उभी राहतात आणि कशी कोसळतात, हे सांगणारे ते इतिहासातले शब्द. क्रांतीसाठी रिव्होल्यूशन, वेढ्यासाठी सीज, तहासाठी ट्रीटी, अचानक सत्ता उलथवण्यासाठी कू. महांतप्पाने यादी सुबक उतरवली आणि हाताच्या सवयीने रिव्होल्यूशनच्या खाली 'आई तुळजाभवानी प्रसन्न' असं लिहून टाकलं.

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "क्रांतीला आशीर्वाद लागतोच."

मी सातवीच्या वर्गात भिंतीवर लागलो. गुरुजींचा नियम एकच होता. शब्द पाठ करायचा नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं गावातलं उदाहरण द्यायचं. उदाहरण पटलं की गुरुजी त्या शब्दापुढे गेरूने बरोबरची खूण करायचे. घागरी घेतलेल्या बायांनी पाण्याच्या टँकरला गराडा घातला आणि ड्रायव्हर दोन तास केबिनमध्येच बसून राहिला, तेव्हा सीजला खूण मिळाली. भिमाबाई आणि द्वारकाबाई या जावांनी चूल सकाळ-संध्याकाळ वाटून घेतली, ती ट्रीटी. बिरदेवच्या म्हशीने नव्या गड्याला दूध द्यायचं नाकारलं, ते बॉयकॉट. खूण करण्याआधी गुरुजींनी म्हशीची बाजूही विचारून घेतली होती.

दुष्काळ सरला. गावात दूध संस्था निघाली. चार-पाच वर्षांत माझ्यावरच्या एकोणीस शब्दांना खुणा झाल्या. उरले दोन, कू आणि ॲब्डिकेट.

सातवीतली चांगुणा रोज सकाळी संस्थेत दूध घालायला जायची. एके दिवशी तिने हात वर केला.

"गुरुजी, कू घावला. सोमवारी संस्थेचे पाच संचालक जीपमधी बसून तुळजापूरला दर्शनाला गेले. तीन दिवस लॉजवरच होते. गुरुवारी आले ते सरळ मीटिंगला. पाची जणांनी हात वर केले. अध्यक्ष गुरुसिद्धप्पा खुर्चीवरून खाली अन् आण्णासाहेब वर."

"जीप कुणाची होती?"

"आण्णासाहेबांचीच की."

गुरुजींनी खूण केली. ती वाळायच्या आत बातमी आण्णासाहेबांच्या ओट्यावर पोचली. ते तडक शाळेत आले.

"गुरुजी, तुमी इंग्रजी शिकिवताव का माझी चुगली करताव?"

"इतिहास शिकवतो, आण्णा. तुम्ही त्यात आलात, त्याला मी काय करू?"

आण्णासाहेबांनी तक्रार केली. गुरुजींची बदली परंड्याच्या टोकाला होणार, असं ऐकू येऊ लागलं. परीक्षेला दोन महिने राहिले होते आणि वर्ग असा अर्ध्यावर सोडायचा, या विचाराने गुरुजींचं जेवण कमी झालं. मी भिंतीवर होतो, मला काय करता येणार?

चौकशीला शिक्षण विस्तार अधिकारी आले. शेजारच्या खुर्चीत आण्णासाहेब बसले. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. आशीर्वादाच्या ओळीपाशी ते जरा थबकले. मग त्यांनी उरलेल्या एकाच बिनखुणेच्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा ॲब्डिकेट असाच का राहिला?"

चांगुणा उभी राहिली. "साहेब, त्याचा अर्थ आपणहून गादी सोडणं. लई शोधलं. आमच्या गावात असं कुणीच न्हाय. आत्याच्या गावात बी इचारून आले."

साहेबांनी फाईल तोंडापुढे धरली. ती बराच वेळ हलत होती. आण्णासाहेबांचे कान लाल झाले.

"गाव एवढं काय पडलेलं न्हाय," ते म्हणाले. "साहेब, लिवा. ही तक्रार मी आपणहून सोडली. कुणी सांगितलं न्हाय. घे गं पोरी, झालं तुझं उदाहरण."

गुरुजींनी डोळे मिटले. बदली टळली होती. पण चांगुणा काही खाली बसेना.

"आण्णा, तक्रार न्हाय. गादी सोडायची असती."

गुरुजींनी शांतपणे गेरू उचलला आणि माझ्यावर अर्धीच खूण ओढली.

"अर्धीच?" आण्णासाहेब म्हणाले.

"सुरुवात चांगली केलीत, आण्णा. उरलेली तुमच्या हातात आहे."

आण्णासाहेब हसले आणि संस्थेत जाऊन खुर्चीवर बसले. गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झाले. पुढे छापील गुळगुळीत तक्ते आले आणि माझी गुंडाळी होऊन खडूंच्या खोक्यामागे गेली. ओल लागते, उंदीर कड कुरतडतात. संस्थेला त्यानंतर चार अध्यक्ष झाले. चौघेही जीपनेच आले आणि जीपनेच गेले. माझी खूण अजून अर्धीच आहे.

मित्रांनो, अवघड शब्द भेटला की त्याला नुसतं पाठ करून सोडू नका. त्याला बाहेर घेऊन जा, गाव दाखवा. आणि तुमच्या शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला एखादा दिवस ऊन दाखवा. मला झटकाल तेव्हा त्या अर्ध्या खुणेवरून हात मात्र हळू फिरवा. तेवढ्यासाठीसुद्धा गुरुजींनी टळलेल्या बदलीचा धोका पुन्हा पत्करला होता.